पट्टीकडची बाजू

१२ फेब्रुवारी

भांडखोर बाईंना,

रागावून गेलेल्या बायकोला पत्र कसं सुरू करतात ते मला ठाऊक नाही, म्हणून हे असं. लेकीच्या घरी नीट पोचलीस ते जावयांकडून कळलं. "चार दिवस जाऊन येते" म्हणालीस, पण बॅग काही चार दिवसांची नव्हती. बसमध्ये चढवताना माझ्या लक्षात आलं होतं. पण तू खिडकीतून दुसरीकडे बघत होतीस, तेव्हा कुणाशी बोलणार?

इकडे सगळं ठीक. चहा माझा मी करतो. दूध दोनदा उतू गेलं, पण शेगडी घासून लख्ख ठेवली आहे. आल्यावर तुला बोलायला काही मिळू नये म्हणून.

वाचनालयाच्या कपाटांचं काम पुन्हा सुरू केलं. पद्धत आपली नेहमीचीच. प्लायच्या रुंद फळीवर आडव्या खाचा मारायच्या आणि मग फळी मधोमध चिरायची, म्हणजे कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा तंतोतंत जुळतात आणि कप्पे सरळ बसतात. खाचा मारायचं मशीन, आपला राउटर, तोच; तो ज्या पट्टीच्या आधाराने सरळ चालतो ती पट्टीही तीच. फक्त भुसा ओढायची नळी धरायला तू नाहीस. म्हणून मी डोकं चालवलं. छताला हूक मारला, दोरी बांधली आणि नळी वरून टांगली. काय झकास दिसते! इतकी वर्षं हे का सुचलं नाही कोण जाणे. तुझा उभं राहायचा त्रास कायमचा गेला.

एकच गोष्ट जरा खटकते. खाच सरळ येत नाही. एका अंगाला खोल जाते आणि तळ तिरका राहतो. मशीनच्या बिटाची, त्या फिरत्या पात्याची, धार गेली असणार. नवं आणतो.

त्या दिवशी ग्रंथपालबाईंसमोर मी थोडं जास्त बोललो असेन. कामाच्या गडबडीत माणूस बोलून जातो. फोन लावला की तू कापतेस. तसंही मला फोनवर अर्धं ऐकू येत नाही.

तुझा,
बहिरा सुतार


१९ फेब्रुवारी

अहो,

"थोडं जास्त बोललो असेन" हे खोटं आहे. काय बोललात ते मला पाठ आहे, हवं तर तुम्हीही पाठ करा. मला खोकल्याची उबळ आली, मी तोंड वळवलं, माझा हात सुटला आणि मशीन कललं. खाच बिघडली. तुम्ही मशीन बंद केलंत आणि त्या बाईंना म्हणालात, "हिला नुसती नळी धरायची असते. तेवढंही जमत नाही." बाई बिचाऱ्या स्वतःच्या चपलांकडे बघायला लागल्या. मी खोकत होते. तुम्ही फळीवरून हात फिरवून बघितलात, किती बिघडली ते. मला पाणी त्या बाईंनी दिलं.

फोन मी उचलणार नाही. तुम्हाला मशीनच्या आवाजात ओरडायची सवय आणि मला हो-हो म्हणायची. पत्रात ओरडता येत नाही. काही सांगायचं असेल तर लिहीत जा.

हूक कुठे मारलात? वरच्यांच्या न्हाणीघराचा पाइप तिथूनच जातो. घरात पाणी गळायला लागलं तर तेही माझ्याच माथी माराल.

मी बरी आहे. लेकीबरोबर रोज कुठे ना कुठे जाऊन येते. नातीच्या वेण्या घालते. खोकला आहे तसाच आहे, जाईल.

आणि खाच तिरकी का येते ते बिटाला विचारू नका. नळीला विचारा.

नुसती नळी धरणारी


२६ फेब्रुवारी

नळीबाईंना,

तुझं ऐकलं. नळीला विचारलं. हुकावरून काढली, आतून काठी घालून साफ केली, अंगणात नेऊन झटकली. बादलीभर भुसा निघाला आणि त्यात तुझी केसांची पिन निघाली, ती काळी, टोकाला मणी असलेली. गेल्या वर्षी ती हरवली म्हणून तू माझ्यावर संशय घेतला होतास. पिन खणात ठेवली आहे. खाच मात्र तिरकी ती तिरकीच.

आता तू हसशील, पण मी काय काय केलं ते ऐक. नवं बिट लावलं. पट्टीच्या कडेला दोरा ताणून बघितला, पट्टी सरळ आहे. पट्टी फळीवर क्लॅम्पने घट्ट आवळली. मशीन पट्टीला जोडणारा जो खटका आहे त्याचे स्क्रू पिळले, आता ते डावी-उजवीकडे केसभरही हलत नाही. हळू चालवून बघितलं, भरभर चालवून बघितलं. काडीचा फरक नाही. निम्म्यात गेलं की ते बाहेरच्या अंगाला कलतं, बसमध्ये झोप लागलेला माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर कलतो तसं.

मशीनचं बूड अर्धं पट्टीवर टेकतं आणि अर्धं बाहेर अधांतरी राहतं, खाली पट्टीच्या जाडीएवढी पोकळी असते, हे मान्य. पण हे आधीही असंच होतं ना? मग तेव्हा का नाही कललं? तेच मशीन, तीच पट्टी, तोच मी. शेजारचा काचवाला दारात उभा राहून बघतो आणि म्हणतो, "उस्ताद, मशीन म्हातारं झालं की तुम्ही?" मी त्याला त्याच्या काचा पुसायला पाठवला.

दुसरी फळीही वाया गेली. ग्रंथपालबाई येऊन गेल्या. "घाई नाही हो" म्हणाल्या, पण चेहऱ्यावर घाई होती. तुझी चौकशी केली. मी म्हटलं, लेकीकडे गेली आहे, येईल.

येशील ना? पिन न्यायला तरी.

तुझा,
उस्ताद


५ मार्च

अहो,

नळीत काठी घातलीत हे वाचून मी इतकी हसले की लेक आतून धावत आली. मग हसताना खोकला आला, मग रडू आलं. लेकीने पत्र वाचायला मागितलं, मी दिलं नाही.

इतकी वर्षं मी त्या टेबलाच्या पलीकडे, पट्टीच्या बाजूला उभी राहिले. मशीनबरोबर पावलापावलाने सरकले. तुम्ही बिटाकडे बघायचात. माझ्या हाताकडे एकदा तरी बघितलंत का? मनगटाला महिनोन् महिने पट्टा बांधून हिंडत होते. तुम्ही विचारलंत "काय झालं", मी म्हटलं "कपडे पिळताना मुरगळलं", आणि तुम्हाला ते पटलंसुद्धा.

मशीन का कलतं ते मला माहीत आहे. मला सांगता येईल, पण सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही दोन खिळे ठोकून माझं काम उरकाल. मग मी तिथे कशाला हवी? स्पष्टच लिहिते, मला हीच भीती आहे. तुम्हाला मी हवी आहे की पलीकडे उभं राहणारं कुणीतरी हवं आहे, हे मला अजून कळलेलं नाही. तुमच्या दोन्ही पत्रांत मशीनच जास्त आहे.

लेक म्हणते इथेच राहा, मागची खोली तुझी. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. इथली हवा मला मानवते.

दूध उतू जाऊ नये म्हणून भांड्यावर लाकडी पळी आडवी ठेवा. तेवढं तरी जमेल.


११ मार्च

अगं,

अक्षर वाकडं आलं आहे, पेन बिघडलं आहे. तू काही मनात आणू नकोस.

वाचनालयाचं काम थोडं थांबवलंय. ऑर्डर काही पळून जात नाही.

माझ्या हाताकडे बघितलंत का, असं तू विचारलंस. तेव्हापासून आठवून बघतोय. नळी तुझ्या उजव्या हातात असायची. डावा हात कुठे असायचा ते काही केल्या आठवत नाही. बांगड्या आठवतात, भुशाने पांढऱ्या झालेल्या. हात आठवत नाही. तो कुठे असेल ते स्वतः करून बघावं म्हटलं, पण माझ्या हातून ते झालं नाही.

तुला तिकडे बरं वाटत असेल तर राहा. मी जेवतो वेळेवर.


१४ मार्च

अहो, पेन बिघडलं नाही. तुमचा अंगठा बिघडला आहे.

पत्र मिळालं तेव्हाच संशय आला होता. तुमच्यासारख्या डावखुऱ्या माणसाचं अक्षर पेनामुळे एवढं वाकडं होत नाही, डाव्या हाताला काही झालं तरच होतं. लेकीने काचवाल्याला फोन लावला. त्याने सगळं सांगितलं. एका हाताने मशीन ढकलत होतात आणि डावा हात त्याच्या बुडावर ठेवून कुठे दाबायचं ते शोधत होतात, मशीन कललं, बिट फळीत रुतलं आणि मशीन उसळून अंगठ्यावर आलं. टाके पडले. काचवाला म्हणाला, नशीब समजा, अंगठा आहे. आणि मला कळवू नये म्हणून त्याला तंबी दिलीत.

हे माझ्यामुळे झालं. मी कोडं घालत बसले आणि तुम्ही ते फिरत्या मशीनवर सोडवायला गेलात. मला माहीत होतं ना ते कलतं म्हणून! मला आधीच लिहायला काय झालं होतं? रागाच्या भरात मी हा विचारच केला नाही की तिथे खाली धार फिरतेय.

आता नीट वाचा आणि टाके निघेपर्यंत मशीनला हात लावू नका.

माझा डावा हात पट्टीकडच्या बाजूला असायचा. नळीचं तोंड मी उजव्या हाताने धरायचे आणि डाव्या तळव्याची टाच मशीनच्या बुडावर, पट्टीच्या बरोबर वर, दाबून ठेवायचे. सगळा भार तिथे द्यायचे, म्हणजे बाहेरचं अधांतरी अंग खाली जायचं नाही. कलणार आहे हे मला मनगटात आधी कळायचं आणि तेवढा भार मी वाढवायचे. तुम्ही नळी दोरीने वर टांगलीत. म्हणजे जी बाजू मी खाली दाबायचे तीच दोरीने वर ओढायला लागलात. कलणार नाही तर काय होईल! आधी ती दोरी सैल सोडा, नळीला भरपूर ढील ठेवा.

मग कडक लाकडाची एक बोटभर रुंद पट्टी घ्या. मशीन ज्या पट्टीवर चालतं ती जेवढी जाड आहे तेवढीच जाड ही रंधून घ्या. जास्त नाही, कमी नाही. दोन्ही शेजारी ठेवून वर मोजपट्टी आडवी धरा आणि खालून उजेड दिसतो का बघा. ती मशीनच्या बुडाला बाहेरच्या अंगाला, बिटापासून लांब, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने लावा. कडा गोल करा, तळाला मेण घासा. म्हणजे मशीन दोन्ही पायांवर उभं राहील. कुणी दाबायची गरज नाही. मी हे मागे एकदा तुम्हाला म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "तू नळी धर."

आणखी एक सांगायचं राहिलंय. लेकीबरोबर रोज जाऊन येते म्हणाले ते दवाखान्यात. छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. भुसा छातीत बसला आहे, डॉक्टर म्हणाले. आहे ते निघणार नाही, वाढू द्यायचं नाही. लाकडाच्या धुळीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

म्हणजे आता मला नळीही धरता यायची नाही. तुम्हाला सांगितलं, झालं.

अंगठा भिजवू नका.


२७ मार्च

अगं,

टाके निघाले. अंगठा वाकतो. थोडा बथ्थड झाला आहे, पण तो आधीही फार हुशार नव्हता.

तू सांगितलंस तसा पाय केला. सागाचा तुकडा होता जुन्या चौकटीतला. रंधून, उजेड बघून, परत रंधून. मेण घासलं. दोरी सोडली. काचवाल्याला बोलावून समोर उभं केलं, म्हटलं बघ. मशीन लोण्यातून जावं तसं गेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तळ एकसारखा. बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. मशीनला आता कुणी धरायची गरजच राहिली नाही. एकटा माणूस आरामात काम करू शकतो.

तू तिकडेच राहा. हवा चांगली आहे, लेक आहे. इथली काळजी करू नकोस.

एका कामात अडकलोय, म्हणून थोडक्यात.


२ एप्रिल

अहो,

पाय चांगला झाला, आनंद आहे. माझी जागा भरली हे एकदाचं कळलं.

छातीबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. पायाच्या तळाला मेण घासलं हे मात्र आहे.

लेकीला हो म्हटलं आहे. माझं थोडं सामान पाठवा. कपाटातल्या खालच्या कप्प्यातले गरम कपडे, जुना चष्मा, आईची पितळी डबी. आणि ती पिन. काचवाल्याचा भाऊ इकडे माल घेऊन येतो, त्याच्याबरोबर दिलंत तरी चालेल.

तब्येतीला जपा.


९ एप्रिल

हे बघ,

सामान पाठवत नाही. आधी वाच.

छातीबद्दल मी लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचलं नाही. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि रंध्याखाली ठेवून दिलं. मग उठून घरात गेलो. आपल्या दुकानात आणि घरात फक्त तो पडदा. मी तुझ्या मांडणीवरून बोट फिरवलं, बोट पिवळं झालं. घड्याळावर, भांड्यांवर, सगळीकडे तेच. मग तुझी उशी उचलून खिडकीपाशी झटकली. तीतून भुसा उडाला. दिवसभर तू माझ्यापायी तो गिळायचीस, आणि परत त्याच्यावरच डोकं ठेवून झोपायचीस. मी तिथेच पलंगावर बसून राहिलो. मला फार लाज वाटली. आणि फार भीती वाटली.

म्हणून लिहिलं, तिकडेच राहा. अशा घरात कुठल्या तोंडाने ये म्हणू?

ज्या कामात अडकलो म्हणालो ते वाचनालयाचं नव्हतं. पडदा काढला. तिथे दार केलं, जाड, खाली-वर आणि दोन्ही कडांना खाचेत बसवलेली लोकरीच्या नमद्याची पट्टी. त्या खाचा तू सांगितलेल्या पायावर मारलेलं पहिलं काम. दार लावून दुकानाकडून नळी उलटी जोडून भुसा फुंकून बघितला, घरात कण आला नाही. मग दाराला कुलूप घातलं. आता मी दुकानात रस्त्याकडून जातो आणि रस्त्याकडून येतो, अंगणात कपडे बदलून. सगळं घर ओल्या फडक्याने पुसलं, मांडण्या, पंखा, भिंतीसुद्धा. काचवाल्याने खिडक्या पुसल्या, ते त्याचंच काम आहे. उशी नवीन आणली.

ग्रंथपालबाईंना बोलावलं. ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच परत बोललो. म्हटलं, बाई, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. ती नळी धरत नव्हती, अख्खं मशीन धरत होती, आणि मला ते अंगठा कापल्यावर कळलं. त्या म्हणाल्या, "हे मला कशाला सांगता, त्यांना सांगा." म्हणून सांगतोय. माझं चुकलं.

मला तू हवी की हात हवा, असं तू विचारलं होतंस. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. मला वाटायचं, खाचा तिरक्या येतात म्हणून तुझी एवढी आठवण येते. आता खाचा सरळ येतात. सकाळपासून पाच कपाटांच्या खाचा मारल्या, एकही बिघडली नाही. तरी मशीन बंद केलं की मी पट्टीच्या पलीकडे बघतो.

इथे तुझ्यासाठी काहीही काम नाही. दुकानात तर तुला पाऊलही टाकू देणार नाही. तरी ये.

पिन खणात आहे.


१३ एप्रिल

अहो,

लेकीने तुमचं पत्र वाचायला मागितलं. या वेळी दिलं. तिने उठून माझी बॅग काढून आणली.

गुरुवारी दुपारच्या बसने येते. बसस्टँडवर याल तेव्हा अंगावर दुकानातला शर्ट नको. दोन महिन्यांनी पुन्हा छाती दाखवायची आहे. तेव्हा तुम्ही बरोबर यायचं आणि डॉक्टर काय सांगतात ते समोर बसून ऐकायचं. ऐकू येत नाही ही सबब तिथे चालणार नाही. ते जे सांगतील ते चांगलंच असेल असं मला वाटत नाही, म्हणून एकटी जायचं नाही मला.

मला दुकानात येता येणार नाही. म्हणून मशीनचा तो लाकडी पाय काढून, पुसून घरात आणून ठेवा. माझ्या जागेवर कोण आलंय ते मला एकदा हातात घेऊन बघायचंय.